भाड्याच्या गाडीची पांढरी पाटी

मित्रांनो, हंसाबाई रोज सकाळी चुलीतली राख ज्या काळ्या पत्र्यानं पुढे ओढतात, तो पत्रा मूळचा कशाचा, असं तुमच्यापैकी एकानंही आजवर विचारलेलं नाही. तांड्यावर येता, चुलीजवळ बसता, चहा पिता आणि चालायला लागता. म्हणून मीच सांगते. मी एक जुनी नंबरप्लेट आहे. या काजळीखाली पांढरा रंग आहे आणि त्यावर काळे आकडे आहेत. खात्री करायची असेल तर नखानं खरवडून बघा, फक्त हात धुऊन या. तुम्हाला 'मित्रांनो' म्हणते ते रीत आहे म्हणून. तुमच्यातला मित्र कोण आणि फुकटचा प्रवासी कोण, हे मला चांगलं माहीत आहे.

माझा जन्म यवतमाळला, एका लहानशा दुकानात झाला. तिथे पाट्यांचे दोन ढीग असत. एक पांढऱ्यांचा, एक पिवळ्यांचा. जी गाडी मालकाच्या स्वतःच्या घरच्या कामाची, तिला पांढरी पाटी. जी गाडी पैसे घेऊन लोकांना इकडून तिकडे नेते, तिला पिवळी. पिवळीच्या मागे बरंच लचांड असतं. परमिट काढावं लागतं, तपासणीला गाडी न्यावी लागते, आतल्या प्रवाशांचा विमा उतरवावा लागतो, वेग आवरणारं यंत्र बसवावं लागतं. पांढरीला यातलं फारसं काही नाही. ती घरची. पिवळ्या पाट्यांबद्दल माझं मत तेव्हाही वाईट होतं आणि आजही ते सुधारलेलं नाही. नियमानं वागणाऱ्यांच्या चेहऱ्यावर जो एक रडका भाव असतो, तो मला सोसवत नाही.

मला एका पांढऱ्या सात-सीटर गाडीला लावलं गेलं. मालक बँकेतले साहेब होते. गाडी रविवारी निघायची, देवाला जायची आणि परत यायची. साहेबांच्या बाई मला ओल्या फडक्यानं पुसत. शेजाऱ्यानं स्टँडपर्यंत सोडायला सांगितलं की साहेब म्हणत, गाडीचं काम निघालंय. कंजूष माणूस, पण त्यानं मला कधी खोटं बोलायला लावलं नाही. माझे चांगले दिवस म्हणायचे तर तेच. नंतर साहेबांनी नवी गाडी घेतली आणि जुनी विकून टाकली. मला कोणी काही विचारलं नाही. पाटीला विचारायची पद्धत नाही.

गाडी घेतली सुनील राठोडनं. हा उमरखेडहून ढाणकीला जाणाऱ्या रस्त्यावरच्या बंजारा तांड्यातला. त्याचे पणजोबा लदेणीचे बैल घेऊन मीठ आणि धान्य गावोगाव पोचवत, ही गोष्ट तो इतक्या वेळा सांगायचा की बैलांची नावंच तेवढी सांगायची राहिली होती. त्याचं म्हणणं असं, की वाहतूक ज्यांच्या रक्तात आहे त्यांना परमिट कोण विचारणार. बैलांना कोणी पाटी लावली नव्हती. ऐकायला हे बरं वाटतं. आरटीओच्या माणसांसमोर मात्र तो हे कधी बोलला नाही.

गाडी स्वतःच्या नावावर करून घेण्याइतका शहाणपणा त्याच्यात होता. पासिंग मात्र त्यानं घरगुतीचं भाड्याचं करून घेतलं नाही. घरच्या कामाला म्हणून घेतलेली गाडी पहिल्याच महिन्यात भाड्यानं फिरू लागली. दवाखाना, लग्न, बारसं, कोर्टाची तारीख, काय वाटेल ते.

उमरखेडच्या स्टँडबाहेर त्याच्या शेजारीच संजयची गाडी उभी असायची. पिवळी पाटी, अंगावर चमकणाऱ्या पट्ट्या, काचेवर चिकटवलेले कागद, सगळं कसं नियमात. गिऱ्हाईक मात्र नाही. संजय दिवसभर टपरीवर बसून सुनीलकडे असा बघायचा, की नजरेनं टायर फुटत असते तर आमचे चारही फुटले असते. एकदा तो सरळ आमच्यापुढे येऊन उभा राहिला.

"सुनील, मी साऱ्या भानगडी करून बसलो. माह्या गाडीले ऐंशीच्या वर पायच जात नाही. अन् तू पांढऱ्या पाटीवर माहे पाशिंजर पळवून राह्यला."

सुनीलनं शांतपणे पान चावलं. "पळवत नाही गा. लोकायलेच पांढरी लागते. तुह्या पिवळ्या पाटीत नवरदेव बसाले लाजते, त्याले मी काय करू?"

त्यावर संजय जे बोलला ते मुलांच्या वाचनात येण्यासारखं नाही.

पण सुनील म्हणाला त्यात तथ्य होतं, आणि आमच्या धंद्याचं सगळं गुपित तिथंच होतं. आमच्या भागात मुलगी पाहायला जायचं म्हटलं की पाहुणे कशानं आले, हे मुलीकडचे आधी बघतात. मुलगा नंतर. दारात पिवळी पाटी थांबली की ओसरीवरच्या बायासुद्धा ओळखतात, गाडी भाड्याची आहे. पांढरी थांबली की कुजबुज होते, घरची आहे. म्हणून ज्यांच्या घरी साधी मोटरसायकलही धड चालू होत नाही, असली मंडळी मुलगी पाहायला मला घेऊन जात. मी कितीतरी दारांत उभी राहिले. सवाष्णींनी पाहुण्यांची गाडी म्हणून मला हळदकुंकू लावलं. दर वेळी मी वेगळ्या घरची होते.

निघण्याआधी सुनील सगळ्यांना गाडीपुढे उभं करून दोन धडे शिकवायचा. पहिला धडा आरटीओचा. रस्त्यात अडवलं तर म्हणायचं, गाडी सुनीलची आहे, सुनील आमचा पाहुणा, म्हणजे नात्यातला आहे, भाडंबिडं काही नाही. दुसरा धडा मुलीच्या दारातला. तिथं म्हणायचं, गाडी आमची आहे आणि हा आमचा ड्रायव्हर. दोन्ही धडे एकमेकांच्या उलट होते, पण ते म्हणायच्या जागा वेगळ्या होत्या. रस्त्यावर एक, अंगणात दुसरा. ही दोन खोटी कधी समोरासमोर येतील, असं त्याच्या डोक्यातही आलं नाही. माझ्या आलं होतं. पण मी पत्रा, आणि खरं सांगायचं तर मला पांढरीच राहायचं होतं.

त्या दिवशी भाडं ढाणकीचं होतं. वामनराव आणि त्यांचा मुलगा अक्षय. वामनरावांची शेती आहे, कापूस आहे, सोयाबीन आहे, बोलण्यात त्याहूनही बरंच काही आहे. अक्षय देखणा मुलगा. बापाकडे न बघता त्याला एक वाक्य पुरं करता येत नसे. सोबत दोन म्हातारे, एक मावशी. मुलगी आर्णीच्या अलीकडच्या एका गावातली. नाव प्रेरणा. आर्णीत बियाणं-औषधांच्या दुकानात ती कामाला जायची, स्वतःच्या स्कूटीवर.

मुलीचे वडील भगवानराव अंगणात आले आणि मुलाकडे जेवढं बघायला हवं होतं तेवढं माझ्याकडे बघून घेतलं. गाडीभोवती फिरले, टायरला चपलेनं टोचलं, आरशात स्वतःच्या मिशा पाहिल्या. मग अक्षयला विचारलं, गाडी किती देते. अक्षयनं बापाकडे पाहिलं. वामनराव म्हणाले, भरपूर देते. भगवानरावांना ते उत्तर पुरलं. सुनील बाजूला ड्रायव्हर होऊन उभा होता. ड्रायव्हर म्हणून त्याला चहा ओसरीबाहेर, वेगळ्या कपात मिळाला. हे त्याच्या सवयीचं झालं होतं, निदान तो तसं दाखवायचा.

प्रेरणा पोह्यांचा ट्रे आत ठेवून कशाला तरी बाहेर आली. माझ्यासमोर क्षणभर थांबली आणि तिनं नंबर वाचला. ओठ हलले तिचे. गाडीभोवती इतके लोक फिरले, पण पाटी वाचणारी ती एकटीच. मग ती आत गेली. नंतर म्हाताऱ्यांच्या बोलण्यातून कळलं, तिनं अक्षयला एकच प्रश्न विचारला, गाडी तुम्ही स्वतः चालवता का. तो म्हणाला, मीच चालवतो, आज बाबांनी ड्रायव्हर आणला. तेवढं मात्र त्याला बापाकडे न बघता सांगता आलं.

पसंती झाली. भगवानराव इतके खूश झाले, की पाहुण्यांना हायवेपर्यंत सोडायला स्वतःच पुढच्या सीटवर चढून बसले. फाट्याजवळ त्यांचं वावर होतं, ते होणाऱ्या व्याह्यांना दाखवायचं होतं.

फाट्यावर आरटीओची गाडी उभी होती.

हात झाला. सुनीलनं ब्रेक दाबला. एक मॅडम पुढे आल्या, खाकी कपड्यांत, डोक्यावर टोपी, तोंडाला रुमाल. त्यांनी आधी मला बघितलं, मग आतली माणसं बघितली. पांढरी पाटी, आत एवढी माणसं आणि सगळ्यांच्या अंगावर इस्त्रीचे कपडे. त्यांना सगळं कळलं. सगळ्यांना खाली उतरवून त्यांनी बरोबर माझ्यासमोर उभं केलं.

"गाडी कोणाची?"

मित्रांनो, आता धडा म्हणायचा तरी कोणता? पहिला धडा म्हणावा, सुनीलची गाडी, सुनील आमचा पाहुणा, तर शेजारी भगवानराव उभे. ते विचारणार, घरची म्हणालात ती गाडी याची कशी? आणि हा तांड्यावरचा राठोड, तुम्ही आमच्या जातीतले, तर मग हा तुमचा पाहुणा कुठून झाला? दुसरा धडा म्हणावा, गाडी आमची, तर कागदावर नाव सुनीलचं. खरं बोलायचा तिसरा रस्ता होता. तिकडे कोणी पाहिलंही नाही.

"आमची हाय," वामनराव म्हणाले. अंगणातला धडा जिंकला.

मॅडमनी कागद पाहिले. कागदावर सुनील राठोड. सुनील राठोड कोण? सुनीलनं हात वर केला. ड्रायव्हरच्या नावावर मालकाची गाडी कशी, असं त्यांनी विचारलं. भगवानराव कान टवकारून उभे होते. तेव्हा अक्षय बोलला, आणि असं बोलला की त्याच्यात एवढी अक्कल होती हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"मॅडम, गाडी मी इकत घेतली याच्यापासून. नाव चढवाचं राह्यलं फक्त."

सुनीलच्या चेहऱ्यावर जीव आला. सुटकेचं दार मिळालं असं त्याला वाटलं. तो घाईनं म्हणाला, "हो मॅडम, इकली. नाव करून देतो."

मॅडमनी रुमाल खाली केला. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "छान. मग तुझा या गाडीशी संबंध संपला. चावी यांच्या हातात दे. ज्यांची गाडी ते चालवतील. तू एसटीनं जा."

त्यांना वाटलं असावं, चावी द्यायची वेळ आली की हा माणूस खरं ओकेल. मलाही तसंच वाटलं. सुनीलनं चावी मुठीत धरून ठेवली. भाड्यानं चालवतो म्हटलं तर आत्ता इथंच गाडी जमा होणार. वामनरावांनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्यानं मूठ उघडली. अक्षयनं चावी घेतली.

लवकर नाव चढवून घ्या, अशी ताकीद देऊन मॅडमनी आम्हाला सोडलं. अक्षय ट्रॅक्टरवर गाडी शिकलेला. त्यानं क्लच असा सोडला की दोन्ही म्हातारे पुढच्या सीटवर आपटले. भगवानराव म्हणाले, नवी गाडी आहे, हात बसेल. सुनील फाट्यावर उभा राहिला. मी पुढच्या बाजूला असते, मला मागचं दिसत नाही. त्याचा चेहरा कसा झाला ते मी बघू शकले नाही, आणि बघायची मला फार इच्छाही नव्हती.

संध्याकाळी तो ढाणकीत वामनरावांच्या दारात हजर झाला. मी अंगणात उभी होते, म्हणून सगळं ऐकलं. त्यानं चावी मागितली. वामनरावांनी आधी चहा विचारला, हे वाईट लक्षण.

"राहू दे गा साक्षगंधापर्यंत," ते म्हणाले, म्हणजे साखरपुड्यापर्यंत. "आता गाडी नसली तं भगवानराव काय म्हणतीन? सोयरीक मोडीन."

सुनील म्हणाला, सोयरीक तुमची आहे, गाडी माझी आहे. त्यावर वामनरावांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तुही कशी? मॅडमसमोर तूच म्हणाला, इकली. एवढ्या लोकायनं आयकलं. जा, पोलिसात जा. काय सांगशीन त्यायले? पोरगी पाहाले भाड्यानं नेलती म्हून? सांग ना."

सुनील आल्या वाटेनं परत गेला. मित्रांनो, ज्या नियमाला तो बैलांच्या काळापासून हसत होता, त्याच नियमानं त्याचे हात बांधले होते. गाडी आपली म्हणायची तर धंदा कबूल करावा लागत होता, आणि धंदा लपवायचा तर गाडी सोडावी लागत होती. मला त्याची दया आली का? नाही आली. वेगळ्या कपातला चहा निमूट पिणाऱ्या माणसाची दया करायला मी काही संत नाही. पण वामनरावांचा मला संताप आला. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. तुरीची पोती गाडीत भरली गेली. मला पुसायचं कोणाला सुचलं नाही, चिखल वाळून दोन आकडे झाकले गेले.

आणि मग अक्षयनं कहर केला. गाडी दारात आहे म्हटल्यावर ढाणकीतलेच एक जण विचारायला आले, मुलगी पाहायला जायचं आहे. अक्षयनं त्यांना माझ्यापुढे उभं केलं आणि शिकवलं, रस्त्यात अडवलं तर गाडी अक्षयची म्हणा, मुलीच्या दारात आमची म्हणा. सुनीलचे धडे जसेच्या तसे, फक्त नाव बदललेलं. चोरीच्या गाडीवर चोरीचा धंदा. डिझेलचे पैसे आणि भाडं त्यानं रोख घेतलं.

ही बातमी उमरखेडच्या स्टँडवर पोचायला वेळ लागला नाही. सुनीलच्या घरी त्याची याडी, म्हणजे आई, हंसाबाई, तिनं फार काही विचारलं नाही. तिनं एवढंच विचारलं, गाडी तुझी आहे तर ती दुसऱ्याच्या दारात का उभी आहे. तो म्हणाला, कामाला दिली आहे. ती म्हणाली, तुझ्या पणज्यानं बैल विकले तेव्हा विकले म्हणाला, हरवले तेव्हा हरवले म्हणाला, तुला कोणतं म्हणायचं आहे ते एकदा ठरव. हे मला पुढे चुलीजवळ कळलं. हंसाबाई राख ओढताना स्वतःशी बोलतात, आणि मी हातातच असते.

दुसऱ्या दिवशी, हेही चुलीजवळच ऐकलेलं, सुनील स्टँडवर गेला आणि संजयसमोर उभा राहिला. संजय पोटभर हसला. आजूबाजूच्या चार ड्रायव्हरांना बोलावून परत पहिल्यापासून सांगायला लावलं आणि दुसऱ्यांदा हसला. सुनील उभाच राहिला. शेवटी हसू संपलं तेव्हा संजय म्हणाला, त्या दारातून गाडी उचलू शकेल असं एकच माणूस आहे.

"कोण?"

"तेच मॅडम. पण तिच्यासमोर खरं बोला लागते. तुले जमत नाही ते."

साक्षगंध भगवानरावांच्या अंगणात होतं. मांडव घातला होता. मला त्या दिवशी झेंडूची माळ घातली गेली, माळेत निम्मी पाटी झाकली गेली, तरी चिखलापेक्षा बरं. अक्षय नव्या कोटात, चावी बोटावर फिरवत माझ्याशेजारी फोटो काढून घेत होता. भगवानराव एकेका पाहुण्याला आणून गाडी दाखवत होते. प्रेरणा आत होती, तिला कुंकू लावलं जात होतं.

आरटीओची गाडी थेट मांडवासमोर येऊन थांबली. पुढच्या सीटवरून मॅडम उतरल्या. मागून सुनील उतरला.

वाजंत्रीवाले आपोआप थांबले. वामनराव धावत पुढे आले आणि म्हणाले, शुभ कार्य चालू आहे, जे काही असेल ते उद्या. मॅडम म्हणाल्या, आमचं कार्य पाच मिनिटांचं आहे. त्या माझ्याजवळ आल्या, माळ बाजूला सारली आणि माझा नंबर मोठ्यानं वाचला, सगळा, शेवटच्या आकड्यापर्यंत. मांडवातली माणसं उभी राहून बघायला लागली. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला, पण या वेळी फक्त सुनीलकडे बघून.

सुनील बोलला ते मांडवाच्या मागच्या खुर्च्यांपर्यंत गेलं.

"गाडी माही हाय. मी इकली नाही. पोरगी पाहाले म्हून यायनं भाड्यानं नेलती. माह्यापाशी परमिट नाही. लिहून घ्या."

वामनराव ओरडले, हा माणूस खोटारडा आहे, राठोडांच्या तांड्यावरचा आहे, आमचं वाटोळं करायला आला आहे. सुनीलही मग मागे राहिला नाही. अंगणात जो वाद झाला त्यात दोन्हीकडच्या पूर्वजांचा उद्धार झाला, एका म्हाताऱ्याचा फेटा पडला आणि भगवानरावांनी होणाऱ्या व्याह्याला सगळ्यांसमोर विचारलं, तुमच्या घरी स्वतःची म्हणावी अशी आहे तरी काय. यावर वामनरावांनी शेतीचे गट नंबर सांगायला सुरुवात केली. कोणी ऐकलं नाही.

प्रेरणा बाहेर आली. कपाळावर कुंकू ओलंच होतं. तिच्या मावशीनं तिचा हात धरला होता, तो तिनं सोडवून घेतला. तिनं बापाकडे पाहिलं नाही, वामनरावांकडेही नाही. ती अक्षयसमोर उभी राहिली.

"त्या दिवशी फाट्यावर याच्या हातातून चावी घेतली, तवा तुमाले मालूम होतं ना, गाडी याची हाय?"

अक्षयनं बापाकडे पाहिलं.

"त्यायच्याकडे नका पाहू. मी तुमाले इचारून राह्यली."

"बाबा म्हणाले, साक्षगंधापर्यंत ठेव," अक्षय म्हणाला.

ती म्हणाली, "गाडी नसती तरी मी आली असती. पायी चालत आले असते तुमी तरी चाललं असतं मले. पण एका माणसाले रस्त्यावर उभं करून त्याची गाडी घेऊन येणारा माणूस मले नको." तिनं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं. सुनील समोर होता, त्याला वाटलं असेल आपल्याला आता शाबासकी मिळणार. तिनं त्यालाही सोडलं नाही. "अन् तुमी काही लय साव नाही. तुमीच शिकवलं यायले, गाडी घरची म्हणाचं. किती घरी असं सांगून पोरी पाह्यल्या असतीन तुमच्या गाडीनं?"

सुनीलनं मान खाली घातली. उत्तर माझ्याकडे होतं, पण मला कोण विचारतो.

अक्षयच्या हातातली चावी मॅडमनी घेतली आणि सुनीलला दिली. गाडी जमा आहे, पण आर्णीच्या एसटी डेपोपर्यंत चालवत तूच आण, म्हणाल्या. झेंडूची माळ तशीच होती. सुनील आत बसला आणि आम्ही आरटीओच्या गाडीमागे निघालो. मांडवातून कोणी हात केला नाही. मागे वामनरावांचा आवाज बराच वेळ येत होता.

गाडी डेपोच्या आवारात उन्हात उभी राहिली. दंड झाला. सुनील यवतमाळला ऑफिसात खेटे घालू लागला, संजय त्याच्यासोबत जायचा आणि जाता-येता शिव्या द्यायचा. परमिट झालं, तपासणी झाली, प्रवाशांचा विमा झाला, वेगाचं यंत्र बसलं. त्यांच्यात मैत्री वगैरे झाली नाही. स्टँडवर दोघं अजूनही एकमेकांचे पाशिंजर ओढतात. पिवळ्या पाटीत मुलगी पाहायला कोणी येत नाही म्हणून सुनील चिडतो, आणि चिडावंच त्यानं.

मित्रांनो, असल्या गोष्टीच्या शेवटी वस्तूनं काहीतरी मागायचं असतं. मी मागते. तुमच्या घरच्या गाडीची पाटी पुसत जा, तिचे आकडे चिखलानं झाकू देऊ नका, आणि कोणी तुम्हाला माझ्यापुढे उभं करून 'घरची म्हणा' असं शिकवायला लागलं तर त्याच्या गाडीत बसू नका. पायी जा. उशीर होईल, होऊ द्या. तुमच्यातले किती जण ऐकतील ते मला माहीत आहे, म्हणून जास्त बोलत नाही.

मी किती अंगणांत किती जणांची झाले, ते तुम्ही ऐकलंत. 'आमची' म्हणणारे पुष्कळ भेटले आणि त्यांतल्या एकालाही त्या शब्दासाठी काही सोसावं लागलं नाही. त्या मांडवापुढे एक माणूस दंड भरायची तयारी ठेवून, चारचौघांत लाज काढून घेऊन म्हणाला, माही हाय. तसं मला याआधी कोणी म्हणालं नव्हतं. आणि तो ते म्हणाला म्हणूनच त्यानं पाना आणून माझे दोन्ही बोल्ट काढले आणि माझ्या जागी पिवळी बसवली.